गादी परत मिळाली, अटी राहून गेल्या: स्पेन, १८२३

७ एप्रिल १८२३ रोजी फ्रान्सचं सुमारे ९५ हजारांचं सैन्य बिदासोआ नदी ओलांडून स्पेनमध्ये शिरलं. काम एकच: संविधानाने हात बांधलेल्या फर्नांडो सातव्याला पुन्हा पूर्ण सत्ताधीश करायचं. १ ऑक्टोबरला राजा मोकळा झाला. सहा महिनेही लागले नाहीत आणि फ्रेंचांची माणसंही फारशी पडली नाहीत. मात्र मोकळ्या झालेल्या राजाने त्याच दिवशी काढलेल्या फर्मानाने, त्याला सोडवणाऱ्या सेनापतीला, आंगुलेमच्या ड्यूकला, तोंडघशी पाडलं. इथे मोहिमेच्या शौर्यकथेत शिरायचं नाही. ज्याच्या हातात सैन्य, पैसा, किल्ले सगळं होतं, त्याला आपणच सोडवलेल्या राजाकडून विरोधकांना दिलेली साधी माफी का पाळून घेता आली नाही, एवढाच प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

फर्नांडो १८०८ मध्ये गादीवर आला आणि लगेचच नेपोलियनच्या कचाट्यात सापडला. पुढची सहा वर्षं तो फ्रान्समध्ये व्हालांसेच्या गढीत नजरकैदेत होता, तर माद्रिदच्या गादीवर नेपोलियनचा भाऊ जोसेफ होता. इकडे स्पेनची जनता राजाच्या नावाने लढत होती. वेढ्यात असलेल्या कादिझ बंदरात जमलेल्या प्रतिनिधींनी, म्हणजे तिथल्या कोर्तेसने, १९ मार्च १८१२ रोजी संविधान जाहीर केलं. त्यात सार्वभौमत्व राष्ट्राकडे आलं आणि सभागृह एकच ठेवण्यात आलं. राजाला विधेयक दोनदा परत पाठवता येई, तिसऱ्यांदा मंजूर झालं की तो कायदा. धर्म मात्र कॅथलिक आणि फक्त कॅथलिक. म्हणजे हे काही पॅरिसच्या क्रांतीचं जसंच्या तसं पिल्लू नव्हतं.

१८१४ मध्ये राजा परतला आणि ४ मेच्या फर्मानाने त्याने संविधान रद्दबातल ठरवलं. ज्यांनी त्याच्या नावाने ते लिहिलं होतं, ते तुरुंगात किंवा परागंदा झाले. फर्नांडोशी पुढे ज्याला व्यवहार करायचा होता, त्याने ही एक तारीख लक्षात ठेवली असती तरी पुरेसं होतं.

१ जानेवारी १८२० ला पारडं फिरलं. अमेरिकेतल्या वसाहतींचं बंड मोडायला धाडायची फौज कादिझच्या आसपास तळ देऊन होती. पगार थकलेले, रोगराई, आणि समुद्रापलीकडे जाऊन मरायची कोणाची इच्छा नाही. त्यातला एक अधिकारी, राफाएल देल रिएगो, याने लास काबेसास दे सान हुआन गावात १८१२ च्या संविधानाची द्वाही फिरवली. लोण एकेका शहरात पोचलं आणि मार्चमध्ये राजाने संविधानाची शपथ घेतली. ‘संविधानाच्या वाटेने आपण सारे मोकळ्या मनाने चालू, आणि सर्वांत पुढे मी’ अशा अर्थाचा जाहीरनामाही काढला. मन अर्थातच मोकळं नव्हतं.

पेच

पुढच्या तीन वर्षांत उदारमतवाद्यांनी बरंच केलं आणि बरंच बिघडवलंही. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गेलं, मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या. १८२१ मध्ये चर्चला द्यायचा दशांश निम्मा केला, ऐकायला छान. पण त्याजागी जो कर आला तो रोखीत भरायचा होता. धान्याचे भाव उतरलेले असताना शेतकऱ्याला दशांश धान्यात देणं परवडे, नाणी कुठून आणणार? मठांच्या जमिनी लिलावात गेल्या त्या पैसेवाल्यांकडे. कूळ होतं तिथेच राहिलं, फक्त मालक बदलला आणि तो जास्त कडक निघाला. गावचा पाद्री प्रवचनातून काय सांगत असेल, याची कल्पना करता येते. कातालोनिया आणि नाव्हार्रात राजनिष्ठांच्या टोळ्या उठल्या त्या या जमिनीतून, केवळ परकीय चिथावणीतून नव्हे.

उदारमतवाद्यांत मवाळ आणि जहाल अशी दुफळी पडली होती. राजा वरवर सह्या करायचा आणि पाठीमागून युरोपच्या दरबारांना मदतीची पत्रं पाठवायचा. ७ जुलै १८२२ ला राजाच्या रक्षकदलाने माद्रिदमध्ये उठाव केला, तो नागरी सेनेने मोडून काढला. त्यानंतर सत्ता जहालांकडे गेली आणि एव्हारिस्तो सान मिगेल यांचं मंत्रिमंडळ आलं. सीमेजवळ ला सेउ दुर्गेल इथे राजनिष्ठांनी प्रति-राजमंडळ थाटलं, पण संविधानी सरकारच्या जनरल मीनाने वर्ष संपायच्या आत त्यांना फ्रान्समध्ये पिटाळलं. थोडक्यात, घरातल्या घरात राजाला पुन्हा सर्वाधिकारी करण्याचे दोन्ही प्रयत्न फसले होते. आता बाहेरूनच कोणी यायला हवं होतं.

आणि तसा दाखला ताजा होता. १८२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेने नेपल्सच्या राजाला असंच संविधानातून ‘सोडवलं’ होतं. नेपल्सकरांनी स्वीकारलेलं संविधानही कादिझचंच. ती बातमी कलकत्त्याला पोचली तेव्हा राममोहन रॉय इतके खिन्न झाले, की संपादक बकिंगहॅम यांच्याशी ठरलेली भेट त्यांनी पत्र लिहून रद्द केली.

व्हेरोना: कोणासमोर काय पर्याय होते

१८२२ च्या ऑक्टोबरात महासत्ता व्हेरोनात जमल्या. रशियाचा झार अलेक्झांडर दीड लाख सैनिक पश्चिमेकडे धाडायला उत्सुक होता. ही मदत कोणालाच नको होती. युरोपच्या मधोमध रशियन छावण्या म्हणजे ऑस्ट्रियाच्या मेटर्निखची झोप उडणार. फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मोंमोरान्सींना महासत्तांच्या वतीने युद्ध हवं होतं. पंतप्रधान विलेल हा हिशेबी माणूस, त्याला खर्च दिसत होता आणि युद्ध टळलं तर हवंच होतं. व्हेरोनात फ्रान्सतर्फे आलेले लेखक-मुत्सद्दी शातोब्रियाँ यांचं गणित वेगळं होतं. फ्रान्सचं बूर्बोन राजघराणं परकीयांच्या संगिनींवर परत आलं हा डाग पुसायचा, तर सैन्याला बूर्बोनांच्या निशाणाखाली एक विजय मिळाला पाहिजे. त्याच वर्षी ला रोशेलच्या चार सार्जंटांना कटाच्या आरोपाखाली गिलोटीनवर चढवलं होतं. सैन्य राजाचं आहे की नाही हीच शंका होती, आणि तिची परीक्षा शेजारच्या देशात घ्यायचं ठरलं. डिसेंबरअखेर मोंमोरान्सी पायउतार झाले आणि परराष्ट्रखातं शातोब्रियाँकडे आलं.

ब्रिटनतर्फे व्हेरोनात बसले होते वेलिंग्टनचे ड्यूक. ब्रिटन कोणत्याही परिस्थितीत या हस्तक्षेपात सामील होणार नाही, असं त्यांनी लंडनच्या आज्ञेवरून सुनावलं. मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. हेच वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, ज्यांनी १८०३ च्या एप्रिलमध्ये फौजेसह पुणं गाठलं आणि ज्यांच्या बळावर दुसरे बाजीराव १३ मेला पुन्हा गादीवर बसले. पेशवे काही निरंकुश सम्राट नव्हते, आणि त्यांना हुसकावणारे यशवंतराव होळकर काही संविधानवादी नव्हते. तरी परक्या फौजेने गादी मिळवून देण्याचा व्यवहार वेलिंग्टनांनी आतून पाहिला होता. त्या व्यवहारात कंपनीने किंमत आधी वसूल केली होती: ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. बाजीराव पुण्यात पाऊल ठेवण्याआधी सही झाली होती. हेतू निव्वळ स्वार्थाचा, पण क्रम पक्का. फ्रान्सने वीस वर्षांनी हेतू जरा उदात्त ठेवला आणि क्रम उलटा केला.

माद्रिदचं उत्तर

जानेवारी १८२३ मध्ये ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशियाच्या खरमरीत नोटा (राजनैतिक खलिते) माद्रिदला पोचल्या. सान मिगेल यांनी त्या ९ तारखेला कोर्तेससमोर वाचून तितक्याच खरमरीतपणे फेटाळल्या. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि राजदूतांनी सामान बांधलं.

इथे एक वाट होती. वेलिंग्टनांनी लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट यांना माद्रिदला पाठवून सुचवलं, की संविधानात थोडी दुरुस्ती करा, राजाचे अधिकार जरा वाढवा, म्हणजे फ्रान्सच्या हातातलं निमित्त जाईल. विलेललाही असा काही मधला तोडगा चालला असता. जहालांनी ही सूचना मानली नाही. धमकीखाली संविधानाला हात लावायचा नाही, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण नकार देताना लढायची तयारी लागते, आणि तिजोरी रिकामी, सेनापती आपसात फाटलेले. माझ्या मते नकारापेक्षा मोठी चूक ही होती, की १८०८ सारखी जनता पुन्हा उठेल असं त्यांनी धरूनच चाललं.

२८ जानेवारीला लुई अठराव्याने संसदेत जाहीर केलं: हेन्री चौथ्याच्या वंशजाची गादी राखायला एक लाख फ्रेंच, संत लुईच्या देवाचं नाव घेऊन, निघायला सज्ज आहेत. स्पेनमध्ये या फौजेला ‘संत लुईचे एक लाख पुत्र’ हे नाव पडलं ते यावरून.

मोहीम

६ एप्रिलला बिदासोआच्या काठी फ्रेंच परागंदांची एक तुकडी फ्रेंच क्रांतीचा तिरंगा फडकावत, क्रांतीचं गीत मार्सेयेज म्हणत समोर उभी राहिली. आपले जुने सोबती बंदुका टाकून आपल्याकडे येतील अशी त्यांची आशा होती. फ्रेंच तोफखान्याने गोळे डागले आणि शातोब्रियाँची परीक्षा तिथेच पास झाली.

दुसरी परीक्षा पोटाची होती. सीमेलगतच्या बाय्योनला रसदीचा पुरता बोजवारा उडाला होता: गाड्या नाहीत, जनावरं नाहीत, वैरण नाही. शेवटच्या घटकेला सारं कंत्राट उव्रार या बड्या सावकार-पुरवठादाराला दिलं. त्याने नेपोलियनच्या फौजेसारखी लूट होऊ न देता धान्य, मांस, वैरण चढ्या भावाने आणि रोखीत विकत घेतली. ज्या शेतकऱ्याकडे उदारमतवाद्यांचा कर भरायला नाणं नव्हतं, त्याच्या हातावर फ्रेंच कंत्राटदार नाणं ठेवत होता. १८०८ चं गनिमी युद्ध १८२३ मध्ये का झालं नाही याची बरीच उकल इथे होते. उरलेली पाद्र्यांनी केली. या वेळी ते फ्रेंचांसाठी घंटा वाजवत होते. पुढे या कंत्राटांवरून पॅरिसमध्ये गदारोळ होऊन चौकशी बसली. तरी फौज उपाशी राहिली नाही आणि गावं जळाली नाहीत, हेही खरं.

सेनापती होता राजाचा पुतण्या, आंगुलेमचा ड्यूक. लाजाळू, जेमतेम बुद्धीचा समजला जाणारा, पण या प्रकरणात सगळ्यांत शहाणपणाने वागलेला माणूस तोच. मेमध्ये तो माद्रिदमध्ये शिरला. स्पॅनिश सेनापती एकेक करून गळाले: माद्रिदला ला बिस्बाल, गालिसियात मोरिल्यो, ४ ऑगस्टला बायेस्तेरोस. बायेस्तेरोसने अधिकाऱ्यांचे हुद्दे राहतील, कोणाचा छळ होणार नाही, या अटींवर शस्त्रं ठेवली. कातालोनियात मीना मात्र नोव्हेंबरपर्यंत झुंजला.

सेव्हिल

कोर्तेस राजाला घेऊन आधीच सेव्हिलला गेली होती. जूनमध्ये तिथूनही कादिझला हलायची वेळ आली तेव्हा फर्नांडोने जायला नकार दिला. ११ जूनला कोर्तेसने एक अजब तोडगा काढला. शत्रू दाराशी असताना राजा हलत नाही, त्या अर्थी त्याचं डोकं तात्पुरतं ठिकाणावर नाही असं ठरवलं, अधिकार तीन जणांच्या राजमंडळाकडे दिले आणि त्याला कादिझला नेलं. तिथे पोचल्यावर राजा पुन्हा ‘शुद्धीवर’ आल्याचं मानून अधिकार परत केले. कायद्याच्या चौकटीत राहण्याची ही धडपड केविलवाणी वाटते. राजाला पदच्युत करायचं तर पुरतं करावं, नाही तर हात लावू नये. चार दिवसांच्या वेडाचा ठपका ठेवून सगळे अधिकार परत देण्याने त्यांनी राजाच्या हाती सूडाचं कारण तेवढं दिलं. त्या ठरावाच्या बाजूने ज्यांनी मत दिलं त्यांची गणना पुढे फाशीच्या यादीत झाली, रिएगो त्यांतला.

आंदूहारचा हुकूम

फ्रेंच पुढे सरकत होते तसतसे मागे मोकळ्या झालेल्या गावांत राजनिष्ठ स्वयंसेवक हिशेब चुकते करत होते. घरं लुटली जात होती, नागरी सेनेतून घरी परतलेल्यांना पकडून कोंडलं जात होतं. हे सारं फ्रेंच निशाणाच्या आडोशाने चाललेलं.

८ ऑगस्टला आंगुलेमने आंदूहार या गावातून हुकूम काढला. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्या-त्या भागातल्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कोणालाही अटक करायची नाही. राजकीय कारणांनी मनमानी कोंडलेल्यांना, विशेषतः घरी परतलेल्या नागरी सैनिकांना, सोडायचं. वर्तमानपत्रं फ्रेंच अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राहतील. संपूर्ण प्रकरणात बाहेरच्या फौजेने आपल्याच दोस्तांना आवर घातल्याचा हा एकमेव ठोस क्षण.

राजनिष्ठांनी आकाशपाताळ एक केलं. फ्रेंचांनीच माद्रिदला बसवलेल्या राजनिष्ठांच्या राजमंडळाने निषेध केला, स्पेनच्या सार्वभौमत्वाचा अपमान झाला म्हणून ओरड झाली. परक्या फौजेला घरात बोलावणाऱ्यांना सार्वभौमत्व आठवलं ते या हुकुमाने. पॅरिसनेही सेनापतीची पाठ राखली नाही. २६ ऑगस्टला खुलासा निघाला, की हा हुकूम तह करून शस्त्रं ठेवलेल्या सैनिकांपुरताच आहे. हुकुमातला जीव गेला.

कादिझ

३१ ऑगस्टच्या पहाटे, ओहोटीची वेळ साधून, फ्रेंच शिपाई खणलेल्या कालव्याच्या छातीभर पाण्यातून पलीकडे गेले आणि त्यांनी त्रोकादेरोचा गड घेतला. सप्टेंबरात सांक्ती पेत्रीचा किल्ला पडला, शहरावर तोफा चालल्या. आत लढायची उमेद राहिली नव्हती.

कोर्तेसने राजाला सोडण्याआधी त्याच्याकडून ३० सप्टेंबरला जाहीरनामा घेतला. झालं-गेलं सगळं विसरलं जाईल, कोणाचाही अपवाद न करता, असं त्यात लेखी होतं. दुसऱ्या दिवशी अॅडमिरल काएतानो व्हाल्देस याने राजाची नाव खाडीपार, एल पुएर्तो दे सांता मारियाच्या धक्क्याला लावली. तिथे आंगुलेम उभा होता. आणि त्याच दिवशी फर्मान निघालं: ७ मार्च १८२० पासून आजवरचं तथाकथित संविधानी सरकारचं प्रत्येक कृत्य रद्द, कारण या सगळ्या काळात राजाला स्वातंत्र्य नव्हतं. म्हणजे आदल्या दिवशीचा जाहीरनामाही गेला. व्हाल्देसलाही पळ काढावा लागला. त्याच्यावर मृत्युदंड होता.

आंगुलेमने विनवलं, सुनावलं, पत्रं लिहिली. राजाचे कान त्याचा पुरोहित आणि मंत्री व्हिक्तोर साएसकडे होते. सेनापती वैतागून परत निघाला.

परिणाम

७ नोव्हेंबरला रिएगोला माद्रिदच्या प्लासा दे ला सेबादा चौकात फाशी दिलं. वधस्तंभापर्यंत त्याला गाढवाने ओढलेल्या टोपलीतून फरफटत नेलं. सहा दिवसांनी राजाने राजधानीत प्रवेश केला. सैन्य आणि कारभारातल्या माणसांची ‘शुद्धी’ करणाऱ्या समित्या बसल्या, लष्करी आयोग आले. १८२४ च्या मेमध्ये माफी निघाली, पण अपवादांची यादी माफीहून लांब होती. हजारो लोक इंग्लंड-फ्रान्सला गेले.

फ्रान्सने डिसेंबरात रशियाच्या साथीने दबाव आणून साएसला काढायला लावलं, एवढं यश पदरात पडलं. तहानुसार ४५ हजार फ्रेंच सैनिक स्पेनमध्ये राहिले आणि शेवटचे गेले १८२८ मध्ये. गंमत अशी, की कादिझसारख्या ज्या शहरांत फ्रेंच शिबंदी होती तिथे उदारमतवाद्यांना त्यातल्या त्यात श्वास घेता येत होता. संविधान मोडायला आलेली फौज संविधानवाद्यांची आडभिंत झाली.

अमेरिकेतल्या वसाहती काही परत आल्या नाहीत. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री कॅनिंग यांनी ऑक्टोबर १८२३ मध्ये फ्रान्सकडून तिथे बळ न वापरण्याची कबुली घेतली, डिसेंबरात अमेरिकन संयुक्त संस्थानांचे राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी युरोपने तिथे ढवळाढवळ करू नये असा इशारा दिला, आणि १८२४ च्या, पेरूतल्या आयाकूचोच्या लढाईने उरलासुरला प्रश्न मिटवला.

काय वेगळं करता आलं असतं

बहुतेक जण बोट ठेवतात ते १ ऑक्टोबरवर. मला ते पटत नाही. त्या दिवशी आंगुलेमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. राजा मोकळा, कोर्तेस संपलेली, आणि स्वतःच्या काकाचं सरकार विजयोत्सवाच्या तयारीत. खरा निर्णय एप्रिलमध्ये झाला होता. सीमा ओलांडताच फ्रेंचांनी ज्या स्पॅनिश राजनिष्ठांची तात्पुरती समिती बसवली, तिने ७ मार्च १८२० नंतरचं काहीच आपण मानत नाही असं तेव्हाच जाहीर केलं होतं. राजाने ऑक्टोबरात जे केलं ते या घोषणेवरची सही होती. मेमध्ये माद्रिदला इन्फान्तादोच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली कट्टरांचं राजमंडळ नेमलं, म्हणजे तुरुंग, पोलीस, न्यायालयं त्यांच्या हाती दिली. आंदूहारचा हुकूम म्हणजे मेमध्ये दिलेलं ऑगस्टमध्ये परत मागणं होतं.

एप्रिलमध्ये मवाळ उदारमतवादी आणि समंजस राजनिष्ठ यांची मिळून समिती बसवता आली असती का? माणसं होती. लुई अठरावा स्वतः १८१४ च्या सनदेखाली, दोन सभागृहांसह राज्य करत होता, तेव्हा तसलीच सनद स्पेनसाठी मागणं विसंगत ठरलं नसतं. पण त्यासाठी झारला आणि फ्रान्समधल्या कट्टर राजपक्षाला दुखवावं लागलं असतं, आणि शातोब्रियाँना स्पेनच्या भविष्यापेक्षा विजयाची घाई होती.

उदारमतवाद्यांच्या बाजूने पाहिलं तर जानेवारीत सॉमरसेटचा सल्ला निदान चर्चेला घ्यायला हवा होता. त्याने आक्रमण टळलंच असतं असं नाही, पण विलेलला पॅरिसमध्ये बोलायला जागा मिळाली असती. आणि करांचा प्रश्न त्याच्याही आधीचा: गाव आपल्या मागे नाही हे १८२२ मध्येच दिसत असताना रोखीची सक्ती सैल न करणं मला जास्त अक्षम्य वाटतं.

फर्नांडोनेही सगळ्यांना खूश केलं असं नाही. १८२७ मध्ये कातालोनियात कट्टर राजनिष्ठच त्याच्याविरुद्ध उठले, कारण त्यांच्या मते राजा पुरेसा निरंकुश नव्हता. १८३३ मध्ये तो वारला तेव्हा हेच लोक त्याचा भाऊ कार्लोस याच्या मागे गेले आणि त्याच्या चिमुकल्या मुलीच्या, इसाबेलच्या, बाजूला उदारमतवाद्यांखेरीज कोणी उरलं नाही. १८३५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सने पुन्हा स्पेनमध्ये सैनिक उतरवले. या वेळी ते परदेशी पलटणीचे (फॉरेन लीजनचे) होते, तार्रागोना बंदरात उतरले, आणि लढले ते १८२३ मध्ये फ्रेंचांसाठी घंटा वाजवणाऱ्यांच्या विरुद्ध.